फ्रेकल्स, वांग आणि लेझर: ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी त्वचारोगाची ओपीडी चालवते. “मॅडम, डागावर लेझर मारून द्या” हे वाक्य रोज कानावर पडतं. कुणी बहिणीच्या चेहऱ्यावर फरक पाहिलेला असतो, कुणी मोबाइलवर व्हिडिओ. लेझर चांगलं साधन आहे, मी स्वतः वापरते. पण लेझरला डागाचं नाव कळत नाही, ते डॉक्टरला आधी ठरवावं लागतं. जे पेशंट दुसरीकडे भाजून किंवा आधीपेक्षा काळे होऊन माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत हेच झालेलं नसतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

फ्रेकल्स, वांग, तीळ ही सगळी एकाच गोष्टीची नावं ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो. चेहऱ्यावरच्या कुठल्याही तपकिरी डागाला आपण ‘वांग’ म्हणून मोकळे होतो. हल्ली तरुण मुली त्यालाच ‘फ्रेकल्स’ म्हणतात. प्रत्यक्षात यात निदान पाच-सहा वेगळे प्रकार दडलेले असतात.

खरे फ्रेकल्स म्हणजे मोहरीएवढे, फिकट तपकिरी, सुटे सुटे ठिपके. ते लहानपणीच नाकाच्या दांडीवर आणि गालांवर उमटतात. मे महिन्यात गडद होतात, पावसाळ्यात ऊन कमी झालं की फिके पडतात. बहुतेक वेळा आई किंवा वडिलांच्या जुन्या फोटोत तेच ठिपके सापडतात, कारण ही प्रवृत्ती आनुवंशिक आहे. तिच्यात एमसी१आर नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो. या ठिपक्यांत रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढलेली नसते. असलेल्याच पेशी ऊन लागलं की जास्त रंग तयार करतात. आपल्याकडे हे ठिपके मुख्यतः गोऱ्या कातडीच्या, घाऱ्या डोळ्यांच्या घरांत दिसतात. सावळ्या चेहऱ्यावर ते क्वचितच असतात.

चाळिशीनंतर चेहऱ्यावर आणि हातांच्या पाठीवर येणारे उन्हाचे डाग वेगळे. त्यांना लेंटिगो म्हणतात. त्यात पेशींची संख्याच वाढलेली असते, म्हणून ते पावसाळ्यातही फिके पडत नाहीत.

वांग ठिपक्यांसारखं नसतं, ते ढगासारखं पसरतं. दोन्ही गालांवर जवळजवळ सारखंच, शिवाय कपाळावर आणि वरच्या ओठावर. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी, उन्हाने उठतं. बायकांमध्ये जास्त दिसतं, पण शेतात आणि बाइकवर दिवस काढणाऱ्या पुरुषांमध्येही मी ते भरपूर बघते.

गालांवर बोट फिरवल्यावर खरखरीत लागणारे काळे, किंचित उचललेले बारीक दाणे हे तर डागच नव्हेत. ती कातडीची निरुपद्रवी वाढ असते आणि साध्या कॉटरीने, म्हणजे विजेच्या सुईने जाळून, निघते. कपाळावर केसांच्या कडेने आणि कानांपुढे राखाडी-काळपट छटा आली असेल, तर मी आधी केसांच्या डायची चौकशी करते. डायची अॅलर्जी हे त्याचं नेहमीचं कारण आहे. डाय चालूच ठेवून लेझर मारला तर पैसे पाण्यात जातात. मानेचा मखमली काळपटपणा घेऊन आलेल्या मुलामुलींची मी शुगर आणि वजन तपासते, कारण तो बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो.

आता यातल्या कुणालाही “लेझर मारू का?” या प्रश्नाचं एकच उत्तर कसं देणार?

माझे खरोखरच फ्रेकल्स आहेत. लेझर त्यांचं करतो तरी काय?

अनेकांना वाटतं की लेझर कातडी जाळतो किंवा खरवडतो. डाग काढायच्या लेझरचं तसं नाही. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एक तत्त्व मांडलं. त्यांनी सांगितलं की प्रकाशाची तरंगलांबी अशी निवडा की तो नेमक्या रंगद्रव्यानेच शोषावा, आणि झोत इतका थोडा वेळ टाका की उष्णता शेजारच्या कातडीत पसरायच्या आत काम संपावं. आजही आमची मशिन्स याच तत्त्वावर चालतात.

रंगाचे कण इतके बारीक असतात की मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात ते निवतात. म्हणून क्यू-स्विच्ड, म्हणजे अगदी क्षणभराचे जोरदार झोत टाकणाऱ्या लेझरचा एक शॉट काही नॅनोसेकंदांचाच असतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात कण तापून फुटतात. काही रंग खपलीबरोबर वर निघून जातो, उरलेला शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी उचलून नेतात.

प्रत्यक्षात ते असं दिसतं: ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा शॉट ठिपक्यावर बसला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि तपकिरी ठिपका डोळ्यांदेखत पांढरा पडतो, पिठाचं बोट टेकवावं तसा. पंधरा-वीस मिनिटांत तो पांढरेपणा जातो आणि थोडी लाली उरते. दुसऱ्या दिवशी ठिपका आधीपेक्षा काळा दिसतो, त्यावर पातळ खपली धरते. चेहऱ्यावरची ही खपली साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप पडते. या दुसऱ्या दिवशीच्या काळेपणाला घाबरून रात्री अकरा वाजता फोन करणारे पेशंट दर महिन्याला असतात. म्हणून आता मी आधीच मोबाइलवर त्या टप्प्याचा फोटो दाखवून ठेवते. खपली नखाने काढू नका, एवढंच त्या दिवसांतलं पथ्य जिवापाड पाळा.

एका सिटिंगमध्ये कायमचे जातात का?

गोऱ्या कातडीवरच्या खऱ्या फ्रेकल्सना एक ते तीन सिटिंग पुरतात. निकाल छान येतो, समाधान वाटावं असा. पण ‘कायमचे’ हा शब्द मी वापरत नाही. लेझरने ठिपका जातो, जनुक तसंच राहतं. पुढच्या उन्हाळ्यात टोपी-सनस्क्रीनशिवाय हिंडलात तर नवे ठिपके त्याच जागी किंवा शेजारी उमटतील. कुणी तुम्हाला कायमची हमी कागदावर लिहून देत असेल, तर तिथून उठून या.

आपल्या सावळ्या कातडीवर लेझर चालतच नाही असं ऐकलं. खरं का?

हे अर्धसत्य आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच ऐकू येते, की आता नवीन मशिन्स आली आहेत आणि कुठल्याही कातडीला काही होत नाही. दोन्ही टोकं चुकीची.

कातडीचे प्रकार मोजायची जी पट्टी आम्ही वापरतो ती थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली. सुरुवातीला त्यात फक्त गोऱ्या लोकांच्याच कातडीचा विचार होता. गव्हाळ आणि काळ्या वर्णाचे प्रकार नंतर जोडले गेले. आज त्यात सहा प्रकार आहेत आणि आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात मोडतात. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण मशिनबरोबर येणाऱ्या जाहिरातीतले ‘आधी आणि नंतर’चे फोटो अजूनही बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या प्रकारच्या कातडीचे असतात. ते बघून आपली अपेक्षा बांधायची नसते.

अडचण कुठे येते ते सांगते. लेझर शोधतो रंग. गोऱ्या कातडीत रंग फक्त ठिपक्यात असतो, त्यामुळे नेम सरळ लागतो. आपल्या कातडीत रंग सगळीकडेच आहे. ठिपका आणि आजूबाजूची कातडी दोन्ही प्रकाश शोषतात. शक्ती जास्त झाली तर भोवतीची कातडी भाजते. शिवाय आपल्या कातडीचा स्वभावच असा की तिला इजा झाली, मग ती पुटकुळी असो, डास चावलेला असो की लेझर, ती काळा डाग धरते. लेझरनंतर तीन-चार आठवड्यांनी, सगळं छान झालं असं वाटत असतानाच, हा नवा काळेपणा वर येतो. बहुतेकदा तो काही महिन्यांत उतरतो, पण ते महिने पेशंटला फार जड जातात.

म्हणून आपल्याकडे काम करायची पद्धत वेगळी. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश खोल जातो आणि वरच्या थरातला रंग तो कमी शोषतो, त्यामुळे सावळ्या कातडीला तो अधिक सुरक्षित. ५३२ वापरायचाच तर कमी शक्तीवर, फक्त ठिपक्यावर, मोजून. दोन सिटिंगमध्ये घाई करायची नाही. आणि त्याआधी टेस्ट पॅच: कानाजवळ किंवा जबड्याच्या कडेला दोन-चार शॉट मारून चार ते सहा आठवडे वाट बघायची. पुष्कळ जण म्हणतात, “मॅडम, एवढं थांबायचं कशाला?” कारण काळा डाग उठायला तेवढाच वेळ लागतो. दोन दिवसांनी “काही झालं नाही” म्हणून पूर्ण चेहऱ्यावर मारणं म्हणजे टेस्ट पॅच न करण्यासारखंच.

वांगावर तुम्ही लेझर का मारत नाही? दुसरे डॉक्टर मारतात.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचंच उत्तर लोकांना सगळ्यात नकोसं असतं.

फ्रेकलमध्ये जादा रंग साठलेला असतो. तो फोडला की काम होतं. वांगात रंग बनवणाऱ्या पेशीच चिडलेल्या असतात. त्यांच्या भोवतीच्या रक्तवाहिन्या, कातडीच्या दोन थरांमधला पडदा, हे सगळंच त्यात गुंतलेलं असतं. लेझरने साठलेला रंग फुटतो, म्हणून दोन-तीन आठवडे चेहरा उजळ दिसतो. पण चिडलेल्या पेशींना उष्णतेचा आणखी एक फटका बसलेला असतो. त्या पुन्हा कामाला लागतात आणि वांग परत येतं, कित्येकदा पहिल्यापेक्षा गडद.

कमी शक्तीवर वारंवार मारायची ‘लेझर टोनिंग’ नावाची पद्धत आहे. मोजक्या पेशंटमध्ये, औषधांच्या जोडीने, जपून वापरली तर तिचा उपयोग होतो. पण दर आठवड्याला, दहा-दहा, वीस-वीस सिटिंगची पॅकेजेस घेतलेल्या काही चेहऱ्यांवर मी तांदूळ सांडल्यासारखे पांढरे ठिपके पाहिले आहेत. काळ्या वांगात पांढरे ठिपके. त्या पांढऱ्या ठिपक्यांना नीट करणं वांग बरं करण्याहून अवघड असतं, काही वेळा ते पूर्ण भरून येतच नाहीत. एक शिक्षिका अशा चेहऱ्याने आल्या होत्या. त्यांनी ओढणी तोंडावरून काढायलाच पाच मिनिटं घेतली. त्यांना आधी कुणी साधी सनस्क्रीनही लिहून दिली नव्हती.

वांगाच्या उपचाराचा पाया सनस्क्रीन आणि मलमं हा आहे. हायड्रोक्विनोन चांगलं काम करतं, पण ते ठरावीक काळापुरतं, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं. वर्षानुवर्षं लावत राहिलं तर निळसर-काळे डाग पडतात, आणि ते निघत नाहीत. अॅझेलिक अॅसिड, कोजिक अॅसिड ही सौम्य मलमं आहेत. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्या काही जणींना छान लागू पडतात, मात्र त्या रक्त गोठण्याशी संबंधित आहेत. पायाच्या शिरेत गुठळी, अर्धांगवायू, हृदयविकार असा तुमचा किंवा घरातला इतिहास असेल तर तो सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. कुणाच्या चिठ्ठीवरून पाहून तर मुळीच नाहीत. हे सगळं करून, काही महिने थांबून, जो हट्टी भाग उरतो त्यासाठी लेझरचा विचार करायचा. वांगात त्याची पाळी शेवटची.

वांग हा मधुमेहासारखा ताब्यात ठेवायचा आजार आहे. मी हे पहिल्याच भेटीत सांगते. काही जणी नाराज होऊन जातात आणि वर्षभराने परत येतात.

लेझरने रंग उजळतो ना? मग पूर्ण चेहऱ्यावर मारून द्या.

तुमचा जन्मजात वर्ण लेझरने बदलत नाही. तुमच्या दंडाच्या आतल्या बाजूचा जो रंग आहे, त्याहून उजळ चेहरा कुठल्याही मशिनने सुरक्षितपणे होत नाही. कार्बन लावून करतात त्या लेझर फेशियलने चार-आठ दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, तेलकटपणा कमी वाटतो. त्यापलीकडे काही नाही. मुलीचं लग्न जमत नाही म्हणून तिला घेऊन येणाऱ्या आया मला भेटतात. मुलीच्या कातडीला काहीही झालेलं नसतं. अशा वेळी मी फी न घेता परत पाठवते, आणि मुलीशी दोन मिनिटं एकटीशी बोलते.

लेझरच्या किरणांनी कॅन्सर होतो का? कातडी पातळ होते का?

नाही. हा दृश्य किंवा अवरक्त प्रकाश असतो. एक्स-रेसारखा किंवा उन्हातल्या अतिनील किरणांसारखा तो पेशीतल्या डीएनएला इजा करत नाही. नीट वापरलेल्या लेझरने कातडी पातळही होत नाही. पातळ होते ती स्टेरॉइडच्या मलमांनी, आणि बोल मात्र लेझरला लागतो.

एक धोका खरा आहे, फक्त तो वेगळ्या दिशेने येतो. बदलणारा तीळ, म्हणजे वाढणारा, कडा वेड्यावाकड्या झालेला, दोन-तीन रंगांचा, रक्त येणारा, न तपासता लेझरने उडवला तर तपासायचा पुरावाच नाहीसा होतो. मेलानोमा हा तिळासारखा दिसणारा कॅन्सर भारतीयांमध्ये कमी आहे, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली असतो. संशय असेल तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. लेझर नाही.

मेडिकलमधून एक क्रीम आणली होती, तिने फरक पडला. आता लेझर करून घेऊ?

ती ट्यूब आधी मला दाखवा.

पर्समधून निघणारी ती ट्यूब मी लांबून ओळखते. शेवटच्या थेंबापर्यंत पिळून गुंडाळलेली, नाव पुसट झालेलं. तीत बहुतेकदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. अनेकदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन यांच्या सोबत. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, म्हणून शेजारणीला, नणंदेला, कॉलेजातल्या मैत्रिणीला तीच ट्यूब सुचवली जाते. पुढे चेहरा लाल राहू लागतो, उन्हात चरचरतो, पुटकुळ्या येतात, बारीक शिरा आणि लव दिसू लागते. क्रीम बंद केली की दोन दिवसांत आग होते, म्हणून पुन्हा लावली जाते. ही एक प्रकारची सवयच लागलेली असते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी ती अजून काउंटरवर सहज मिळतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. माझ्या ओपीडीतल्या कितीतरी पोरींचे चेहरे यात खराब झाले आहेत.

अशा चेहऱ्यावर लेझर मारायचा नाही. आधी ते मलम हळूहळू उतरवून सोडवायचं, कातडी शांत व्हायला काही महिने द्यायचे. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरकडून टप्पे आखून घ्या.

लिंबू, बेसन, हळद लावली तर?

बेसन आणि हळदीने नुकसान नाही, पण डागही जात नाही. लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्यातल्या द्रव्यांची उन्हाशी प्रतिक्रिया होऊन कातडी भाजते आणि ओघळाच्या आकाराचे काळे पट्टे उमटतात. सरबताचं लिंबू पिळून थेट उन्हात गेलेल्यांच्या बोटांवर हे मी दर उन्हाळ्यात बघते.

तिळावर बिब्बा लावणं आणि चुना-सोडा लावून मस काढणं हे आपल्याकडचे दोन जुने उपाय हात जोडून थांबवावेसे वाटतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी अक्षरशः भाजते, फोड येतात आणि डागाच्या दुप्पट व्रण मागे राहतो.

आयपीएल म्हणजे लेझरच ना?

नाही. लेझर एकाच तरंगलांबीचा असतो. आयपीएल हा दिव्याचा मिश्र प्रकाश असतो, फिल्टर लावून छाटलेला. गोऱ्या कातडीवरच्या फ्रेकल्सना तो चालतो. आपल्या कातडीवर मात्र भाजायची शक्यता जास्त असते. तेव्हा गालावर मशिनच्या काचेच्या आकाराचे चौकोनी डाग एकापुढे एक उमटतात. हे चौकोन दिसले की काय झालं ते पेशंटने सांगायच्या आधीच कळतं.

पार्लरमध्ये निम्म्या पैशांत करतात. तिथे केलं तर?

मशिन तेच असू शकतं. पण बटण दाबण्याआधी डाग ओळखायचा असतो, आणि दाबल्यावर काही बिघडलं तर ते निस्तरायचं असतं. दोन्ही गोष्टी पार्लरमध्ये होत नाहीत. गेल्या वर्षी एक मुलगी गालावर फोड घेऊन आली. तिला भाजल्यावर बर्फ लावून, वर कोरफडीचं जेल देऊन घरी पाठवलं होतं. वर पावतीही दिली नव्हती. तिचा मूळ डाग होता डायच्या अॅलर्जीचा.

डोळ्यांचा मुद्दा तर फारच गंभीर आहे. क्यू-स्विच्ड लेझरचा एक चुकार झोत डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटायचीही संधी मिळत नाही. खोलीतल्या प्रत्येकाला, तुमच्याबरोबर आलेल्या आईलासुद्धा, त्या तरंगलांबीचा चष्मा हवा. तुमच्या डोळ्यांवर अपारदर्शक कवच हवं. नुसता ओला कापूस पुरत नाही. चष्मा दिला नाही, तर पैसे भरलेले असले तरी उठून या.

डॉक्टर त्वचारोगातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले आहेत का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. खर्च झेपत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. किंवा पुण्यात ससूनसारख्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. रांग असते, पण निदान तरी नीट होतं, आणि अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

लग्न तीन आठवड्यांवर आलंय. तोपर्यंत होईल?

नाही, आणि करूही नका. वर लिहिलेला काळेपणा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उठतो, म्हणजे नेमका हळदीच्या दिवशी. सुरुवात करायची तर निदान सहा महिने आधी. तीन आठवड्यांत मी सनस्क्रीन देते, सौम्य मलम देते, आणि नवं फेशियल, ब्लीच काहीही करू नका एवढं सांगते.

दुखतं का?

रबर ताणून कातडीवर सोडावा तसं टचकन लागतं. अर्धा-पाऊण तास आधी भूल देणारं मलम लावतात. वरच्या ओठावर जरा जास्त झोंबतं. तोंडाभोवती ज्यांना ‘जर’ (हर्पिसचे बारीक फोड) उठते त्यांनी आधी सांगावं, म्हणजे गोळी सुरू करून ठेवता येते.

गरोदर असताना?

थांबा. त्या काळातला डाग बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप फिका होतो.

मी घरातच असते, मग सनस्क्रीन कशाला?

काचेतून अतिनील किरणांचा एक भाग आत येतो, तो वांग वाढवतो. नुसता दिसणारा उजेडही आपल्या कातडीत रंग वाढवतो, म्हणून वांगासाठी मी आयर्न ऑक्साइडची, म्हणजे रंगछटा असलेली सनस्क्रीन सुचवते. किमान एसपीएफ ३०. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण रेघ ओढाल एवढं चेहरा-मानेला लागतं. बहुतेक जणी वाटाण्याएवढं लावतात आणि “फरक पडला नाही” म्हणतात. दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं. शेतात, मजुरीला जाणाऱ्यांना हे परवडत नाही आणि जमतही नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना मी काठ असलेली टोपी आणि तोंडावर सुती ओढणी सांगते. रोज बांधलेली ओढणी महिन्यातून चारदा लावलेल्या महागड्या ट्यूबपेक्षा जास्त राखते.

माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर आत्तापासूनच ठिपके आहेत. मोठा झाल्यावर लेझर करू ना?

मूल किती वर्षांचं आहे, हे आधी सांगा. गोऱ्या घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलीच्या नाकावर चार ठिपके असतील तर निर्धास्त राहा. ते सुंदरच दिसतात.

पण सावळ्या किंवा गव्हाळ मुलाच्या चेहऱ्यावर दोन वर्षांच्या आतच ठिपके दाटले, ऊन लागताच कातडी भाजते, उजेडात डोळे मिटतात, तर त्याला कृपा करून लगेच दाखवा. झेरोडर्मा पिग्मेंटोसम नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करायची क्षमता या मुलांत नसते आणि लहान वयातच कातडीचे कॅन्सर होऊ लागतात. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो, म्हणून मामाच्या किंवा आत्याच्या घरात, नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांत तो अधिक दिसतो. लवकर ओळखला तर उन्हापासून काटेकोर जपून मुलाची कित्येक वर्षं वाचवता येतात. ‘वांग आहे, जाईल’ म्हणून गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

काखेत फ्रेकल्स आणि अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त चट्टे, किंवा ओठांवर आणि तोंडाच्या आत काळे ठिपके, हेही बालरोगतज्ज्ञाला दाखवायचे. पहिला मज्जातंतूंच्या आणि दुसरा आतड्यांच्या आजाराचा इशारा असू शकतो.

डोळ्याभोवती लहानपणापासून निळसर डाग आहे. हे लासं आहे, जाणार नाही असं सगळे म्हणतात.

इथे गैरसमज उलटा आहे. एका बाजूला डोळ्याभोवती, गालावर, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरही राखाडी-निळा डाग असतो, त्याला ओटाचा नीव्हस म्हणतात. जपानच्या ओटा यांनी १९३९ साली त्याचं वर्णन केलं. रंग कातडीच्या खोल थरात असतो म्हणून तो निळा दिसतो, आणि कुठलंही मलम तिथे पोचत नाही. क्यू-स्विच्ड लेझर पोचतो. आठ-दहा सिटिंग लागू शकतात, दोन सिटिंगमध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर, म्हणजे दीड-दोन वर्षं. पण फिका होतो, खूप होतो. आयुष्यभर एक बाजू केसांनी झाकून बसलेल्या मुलीचा तो डाग टप्प्याटप्प्याने उतरताना बघणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग आहे. फक्त डोळ्याच्या डॉक्टरांकडून वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्या. या डागासोबत काचबिंदूचा धोका थोडा वाढतो.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, डबी, तेल आणि साबण एका पिशवीत घालून आणा, पार्लरवालीने दिलेली बिननावाची डबीसुद्धा. मी रागावत नाही. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणा. त्यात गर्भनिरोधक गोळ्या, थायरॉइडच्या गोळ्या आणि पुटकुळ्यांसाठीची आयसोट्रेटिनोइन विसरू नका. जुना फोटो आणा, दहावीच्या हॉल तिकिटावरचा चालेल, म्हणजे डाग केव्हापासून आहे ते कळेल. शक्य असेल तर आई किंवा बहिणीला सोबत घ्या, त्यांचे गालही मला बघायचे असतात. मेकअप आणि पावडर न लावता, सकाळी अकराच्या आत या. माझ्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे, आणि तेवढ्या वेळात तिथल्या उजेडात ठिपक्यांचा खरा रंग दिसतो.